मूठ सैल झाली तर

१० जानेवारी २००२
वारूळवाडी, वरचा मळा

दादा,

तीन रात्री झोप न्हाई. का, तर काठीला पीळ पडलाय. डोळं मिटलं की ती पिळलेली काठी दिसती, मंग उठून बसते.

मी मंदा. अक्षरावरनं वळखलं असशील. चौथीपतूरचं अक्षर हाय, ते काय पुढं गेलं न्हाई.

तू कुलूला गेल्यापासनं हे पयलं पत्र. पत्ता ओतूरच्या सोहनलालशेटच्या दुकानातनं मिळाला. तू अजून त्यांच्याकडनंच रेशमी दोरा मागवतोस म्हणले. आरतीच्या पप्पांना मी सांगून लिवते हाय. मी म्हणलं, पीळ कसा काढायचा ते दादाला इचारते. ते म्हणले, "इचार की. लिवून माझ्याकडं दे, नारायणगावला टाकतो." म्हणून लिवते.

काठी पुण्याच्या एका साहेबांची हाय. दोन तुकड्यांची, मधी पितळेचा सांधा. पिसाची खोटी माशी टाकून मासा धरायची असती ना, तसली. त्यांनी आमच्या हातची एक काठी कुणाकडं तरी बघितली आन हुडकत मळ्यावर आले.

आता पीळ कसा ते सांगते. बांबूच्या सहा तीनकोनी कांबी साच्यात घालून रंधल्या. तिन्ही कडा सारख्या आल्या. गोंद लावला, एकत्र केल्या, दोरा गुंडाळला, वजन लावून टांगली. दुसऱ्या दिवशी दोरा सोडला तर काठीनं अंग फिरवलेलं. जी कांब बुडाला वर हाय ती शेंड्याला पार बाजूला गेली. कारण मला कळतं. दोरा मी एकाच बाजूनं वढला. मंग उलट्या बाजूनं दुसरा दोरा घालायचा असतो, म्हंजी एकाचा पीळ दुसरा खातो. तेवढ्यात आरती उठली, मी तिला घ्यायला गेले, तवर गोंद धरला. तू असतास तर टाळूवर टपली दिली असतीस.

आता गोंद वाळलाय. शेगडीवर धरून उलटी पिळली तर निघंल का? का फुटंल? आंबेगावला नदीवर साहेब यायचे, त्यांच्या काठीचा पीळ बाबांनी कंदिलाच्या काचेवर धरून काढला व्हता. तू काठी फिरवत व्हतास आन मी नुसती बोट लावून सांगायचे, हितं गरम, हितं गार. तवा तू मला चिमटी म्हणायचास. बोटं चिमटीएवढी म्हणून. ते नाव इकडं कुणाला म्हाईत न्हाई. मी कुणाला सांगितलं बी न्हाई. आता ते घर बी धरणाच्या पाण्याखाली आन नाव बी.

साचा अजून आमच्याकडंच हाय. लोखंडी, तोच. तुला त्याचा राग हाय ते मला ठावं हाय. आरतीच्या पप्पांनी तो तुझ्या खोलीतनं उचलून आणला तवा मी मधी बोलले न्हाई, त्याचा बी राग असंल. तू दोन भाऊबिजांना आला न्हाईस. मी काय म्हणत न्हाई.

आरती अडीच वर्षांची झाली. बोबडं बोलती. पप्पा कुठंबी निघाले की तिला गाडीच्या टाकीवर बसवून नेतात. नारायणगावला, ओतूरला, बाजाराला. ती लई खूश असती. ती त्यांच्यासंगं गेली की मी घरीच असते.

काठी झाली की सुरतेच्या वन्सं येणार हायेत. त्यांना मूलबाळ न्हाई. आरतीला घेऊन जाणार, तिकडंच वाढवणार. आरतीचे पप्पा म्हणतात, तुझा हात मोकळा व्हईल, वर्षाला चार काठ्या जास्ती व्हतील. सासूबाई बी म्हणतात, तिकडं कापडाचा धंदा हाय, पोरीला काय कमी न्हाई.

मला काय वाटत न्हाई. तू इचारशील म्हणून लिवलं.

पिळाचं तेवढं लवकर कळव.

मंदा


२७ जानेवारी २००२
वारूळवाडी

दादा,

तुझं उत्तर न्हाई. टपाल उशिरा येत असंल तिकडं. बरफ पडतो म्हणतात.

पीळ काढायला गेले तर गोंद सुटून कांबी उकलल्या. ती काठी गेली. सासूबाईंनी चुलीत घातली आन म्हणल्या, "लोकं काठीनं म्हशी हाकत्यात. ह्यांच्या काठीला रेशीम लागतंय, व्हार्निश लागतंय, आन येवढं करून धरायचं काय, तर मासा. बाजारात इकत मिळतो की."

मी हासले. त्या पण हासल्या.

दुसरा बांबू घेतला. आहुप्याकडचा भरीव मेस, मागच्या उन्हाळ्यात वाळवलेला. भाजला, फोडला, कांबी केल्या. ह्या बारीला पीळ न्हाई. सरळ आली. पण एका बाजूला काळी रेघ दिसती. दोन कांबींच्या मधी फट हाय. केसाएवढी, पण नखाला लागती. बुडापासनं वीतभर सोडून सुरू व्हती. फट कशानं पडती, दादा? कांब जास्ती रंधली गेली का आतनं? का गोंद आधीच घट्ट झाला व्हता? फटीत पातळ गोंद सोडला तर जाईल का आत? नदीवरचे साहेब म्हणायचे, फट असलेली काठी मासा लागला की मधनं बोलती. बोलती म्हंजी कडकन आवाज करती.

परवा पुण्याचे साहेब आले व्हते बघायला. बायको बी व्हती संगं. मी आत व्हते, आमी लोकांपुढं काम करत न्हाई. आरतीच्या पप्पांनी काठी वसरीवर नेऊन दाखवली. मला दाराआडनं समदं ऐकू येत व्हतं.

साहेब म्हणले, "सोपानराव, बांबूच्या ह्या गाठी एका रांगेत का नाहीत? एक इथं, एक तिथं."

"ते डिझाईन हाय साहेब."

"डिझाईन?"

"फॅन्सी. आजकाल तसंच चालतं."

"छान दिसतं. पण काही कारण असेल ना?"

"कारण म्हंजी, बांबूच आमच्याकडं तसा येतो."

सासूबाई मधीच म्हणल्या, "म्हशीची शिंगं तरी कुठं सारखी असत्यात?" तशी साहेब लई हासले. आरतीचे पप्पा बी हासले.

गाठी एका जागी आल्या तर काठी तिथंच मोडती. म्हणून मागंपुढं करायच्या. एवढंच सांगायचं व्हतं.

साहेबांच्या बायकोनं आरतीला बिस्किटाचा पुडा दिला. इचारलं, "तुझी आई कुठाय गं?" आरतीनं दाराकडं बोट केलं. म्हणली, "आई काथी कलते."

आरतीचे पप्पा म्हणले, "बडबडती कायबी. आई सैपाक करती."

बाईंनी दाराकडं बघितलं. मी मागं सरकले.

माझा डावा अंगठा सुजलाय. दारात सापडला. नख काळं पडलंय, पण उजवा हात चांगला हाय. रंधा धरता येतो.

फट असलेली काठी द्यायची का न्हाई, तू सांग. आरतीचे पप्पा म्हणतात वर व्हार्निश मारू, कुणाला दिसतंय. मी म्हणलं, दिसंल. मंग त्यांनी वन्संला सुरतेला फोन केला, नारायणगावातनं, की इतक्यात येऊ नको, काठी राहिलीय.

आरतीनं पुड्यातली दोन बिस्किटं माझ्यासाठी ठेवली व्हती. फ्रॉकाच्या खिशात. चुरा झाला व्हता.

मंदा


११ फेब्रुवारी २००२
वारूळवाडी

ती. दादास,

तुझी बहीण मंदा हिचा नमस्कार. आमी समदे मजेत हावोत. तू तुझी तब्येत सांभाळ.

दादा, तुला त्रास देते, पण मला काय जमंना झालंय. दोरा कुठल्या बाजूनं गुंडाळायचा असतो ते मी इसरले. रंधा उताराला धरायचा का चढाला, ते बी आठवत न्हाई. लेकराची आई झाल्यापासनं डोक्यात काय राहत न्हाई बग. मी पयल्यापासनंच मंद. तुला ठावं हाय.

तिसरी काठी केली. ह्या बारीला फट न्हाई, पीळ न्हाई. पण एक गाठ जळली. गाठ सरळ करायला शेगडीवर धरली आन जास्तीच तापली. काळी झाली. वाकवली तर तिथंच काट करून मोडली. किती तापवायची, कसं कळतं? बाबा वासावरनं सांगायचे म्हणतात. मला वास बी येत न्हाई. सर्दी हाय.

आरतीचे पप्पा लई समजून घेतात. तीन काठ्या गेल्या तरी काय बोलले न्हाईत. दुसरा कुणी असता तर घरात ठेवली नसती. मी माझ्या नशिबानं त्यांना मिळाले. तू त्यांच्यावर राग धरू नको. साच्याचं मनातनं काढून टाक. साचा त्यांच्याच कामाचा हाय, तुझ्या काय कामाचा, तू तिकडं नुसत्या दुरुस्त्या करतोस.

आरतीला सुरतेला पाठवायचं ठरलंय ते चांगलंच हाय. तिकडं तिला इंग्रजी शाळेत घालणार. मी म्हणते, जाऊ दे.

हे पत्र घाईत लिवलं. चूकभूल माफ कर.

तुझी बहीण
सौ. मंदा


२६ फेब्रुवारी २००२

दादा,

आता उत्तर पाठवू नको. काठी झाली.

काल पितळेचा सांधा बसवला. वढला की फट् असा आवाज येतो, तसा यायला पायजे तसाच. दोरी ओवायच्या कड्या बांधल्या. हिरवा रेशमी दोरा. व्हार्निशचे दोन हात झाले, तिसरा उद्या. धूळ बसू नये म्हणून न्हाणीत टांगलीय.

मूठ राहिलीय. ती पांगाऱ्याच्या लाकडाची करते हाय. हलकी असती.

वन्सं शिवरात्रीला येणार. काठी होवो न होवो, आता येणारच म्हणले. आरतीचे कपडे धुऊन ठेवलेत.

मंदा


मार्च, शिवरात्रीच्या आधीचा आठवडा

ही मूठ ज्यांच्या हातात सुटली त्यांना,

मूठ सैल झाली म्हणून तुमी उघडून बघितली. ती आपोआप सैल झाली न्हाई. मी सैल ठेवली. गोंदाच्या जागी मैद्याची खळ लावली आन वरनं व्हार्निश मारलं. कोरडी असंपतूर घट्ट बसती. पयल्या दिवशी काय व्हणार न्हाई. चारदोनदा पाण्यात भिजली की आतनं खळ इरघळती आन मूठ फिरायला लागती. तुमची काय चूक न्हाई.

मूठ आतनं जास्ती कोरली आन कागद काठीला गुंडाळून वर मूठ चढवली. कागदाला तेलाच्या पिशवीचं प्लास्टिक लावलंय. पेन्सिलनं लिवलंय. कांबींवर आकडे टाकायची पेन्सिल हाय. शाई पाण्यात पसरती.

माझं नाव मंदा. काठीवर सोपान असं नाव हाय, ते आमच्या मालकांचं. आमच्यात बाया नवऱ्याचं नाव घेत न्हाईत. तोंडानं मी कवाच घेतलं न्हाई. लग्नात उखाण्यात एकदा. पण प्रत्येक काठीवर मुठीच्या वर बारीक ब्रशानं ते नाव मीच लिवते. त्यांचा हात थरथरतो.

काठ्या समद्या मी करते. माझे बाबा, भिमाजी, नदीवरच्या एका साहेबांकडनं शिकले, दादा बाबांकडनं, मी दादाकडनं. मालक दादाच्या हाताखाली कामाला व्हते. बांबू आणायचे, शेगडी पेटवायचे. तिथंच आमचं जमलं. दादा नको म्हणला व्हता.

तुमी मळ्यावर आला व्हता, तुमच्या बाई संगं व्हत्या. बाईंनी माझ्या पोरीला बिस्किटं दिली. पोरगी म्हणली आई काठी करते. तुमी गेल्यावर मालकांनी माझा डावा अंगठा दाराच्या फटीत धरला आन दार लावलं. उजवा न्हाई धरला. उजव्यानं काम व्हतं. पोरगी तिथंच व्हती. ती रडली न्हाई, बघत राहिली. तवापासनं ती लोकांपुढं बोलत न्हाई. तुमच्या बाईंना हे सांगू नका. त्यांनी काय केलं न्हाई.

आता काठीचं सांगते, कारण काठी तुमची हाय.

तुमची काठी तीनदा खराब झाली. पयल्यांदा खरंच पीळ पडला. माझी चूक व्हती. तवा मालक म्हणले, आता वन्संला थांबायला सांगतो, काठी व्हईस्तवर पोरीला हितंच राहू दे. वन्सं म्हंजी त्यांची बहीण, सुरतेला असती. माझी पोरगी त्यांना द्यायचं ठरलंय. मला कुणी इचारलं न्हाई. पोरगी घरात असली की मी तिला घ्यायला उठते, तेवढा येळ जातो, काठ्या कमी व्हतात. म्हणून.

तवा मला कळलं, काठी व्हत न्हाई तवर आरती माझ्याकडं हाय.

दुसऱ्या काठीत मी एक कांब आतनं जास्ती रंधली. मुद्दाम. फट पडली. तिसरीत गाठ शेगडीवर धरली आन वास आला तरी काढली न्हाई. मला वास येतो. करपलेल्या उसाच्या रसासारखा येतो, तवा काढायची असती. मी मनात आकडे मोजले आन मंग काढली.

भावाला पत्रं लिवली. मालक म्हणले मी टाकतो. दुसऱ्या पत्रानंतर एक दिवस ते जेवत व्हते. म्हणले, "चिमटे, मीठ दे."

चिमटी हे नाव माझ्या भावानं ठेवलेलं. ह्या घरात कुणाला म्हाईत न्हाई. मी फक्त पत्रात लिवलं व्हतं.

मी मीठ दिलं.

मंग तिसरं पत्र मी त्यांच्यासाठीच लिवलं. मला काय येत न्हाई असं लिवलं. त्यांनी ते वाचलं असंल, कारण दुसऱ्या दिवशी मला रंधा कसा धरायचा ते शिकवायला बसले. उलटा धरला व्हता. मी हो हो म्हणलं. सासूबाई म्हणल्या, "बाई गं, नवरा शिकवतोय, शीक." आन तोंडावर पदर धरला. त्यांना बी ठावं हाय मला येतं ते. त्या काय बोलत न्हाईत. त्यांच्या जागी मी असते तर मी बी बोलले नसते.

पण आता मालक म्हणले, काठी होवो न होवो, शिवरात्रीला ताई येणार. मंग काठी खराब करून काय उपेग न्हाई. मी चार दिवसात नीट केली. तुमी रविवारी न्यायला येणार असं कळलं, त्याच्या आत व्हायला पायजे व्हती. हे पत्र घराभाईर काढायला दुसरी वाट न्हाई. मालक घरातनं निघाले की पोरीला संगं नेतात. तिला ठेवून मी पळणार न्हाई हे त्यांना ठावं हाय. पोरगी घरात असली की ते बी घरात असतात.

सांजच्याला मूठ आधी कागदाबिगर बसवली, तवा मालक म्होरंच बसले व्हते. पोरगी मांडीवर. ते म्हणले, "लवकर उरक." मी वाटीतनं बोटानं खळ लावली. ते म्हणले, "गोंद आज पांढरा दिसतोय." मी म्हणलं, "थंडीनं." ते म्हणले, "हां." त्यांना कळायला पायजे व्हतं. दादाच्या खोलीत तीन वर्षं व्हते. गोंद थंडीनं पांढरा व्हत न्हाई. ते झोपल्यावर, खळ वली हाय तवर, मूठ परत काढली, आता हा कागद आत घालून चढवते.

आता तुमी काय करायचं ते सांगते.

मूठ सुटली म्हणून तक्रार करायला हितं येऊ नका. पत्र टाकू नका. आलात तर ते इचारतील मूठ कुणी बसवली. मूठ तुमाला घरी बसवता येईल. कोमट पाण्यात फडकं भिजवा, काठीवरची खळ पुसून घ्या, एक दिवस सावलीत वाळू द्या, उन्हात नको. मंग दुकानात दोन डब्यांत मिळतो तो गोंद, दोन्ही एकत्र कालवून लावा. मूठ आतनं मोठी कोरलीय, म्हणून काठीला आधी सुती दोऱ्याचे वेढे द्या, फट भरंस्तवर. मंग मूठ चढवा आन रातभर हलवू नका. परत कवाच सुटणार न्हाई.

बाकी काठीत खोट न्हाई. मी आत्तापतूर केली त्यातली ही सगळ्यात चांगली हाय. गाठी मागंपुढं ठेवल्यात ते डिझाईन न्हाई, काठी मोडू नये म्हणून असतात. टोक जरा मऊ ठेवलंय, मासा शिवला की हाताला सांगतं. मासा लागला की घाई करू नका.

माझा भाऊ संपत. कुलूला काठ्या दुरुस्त करतो. त्याच्या घरमालकाचा फोन हाय. दोरा आणायला मालकांनी संगं नेलं तवा ओतूरच्या सोहनलालशेटच्या दुकानात त्यांच्या शेटाणी मोहनबाईंनी मला नंबर सांगितला, दोरा बांधून देताना, हळूच. मालक दारातच उभे व्हते, कागद घ्यायला येळ नव्हता. गाडीवर मागं बसून ओतूरपासनं वारूळवाडीपतूर मी तो म्हणत आले. अजून रोज म्हणते, भाकरी थापताना. तो ह्या कागदाच्या मागं लिवलाय. दोनदा लिवलाय, एक पुसला तर एक राहील.

फोनवर पयल्यांदा चिमटी म्हणा. त्याशिवाय तो विश्वास ठेवणार न्हाई. त्याला राग हाय आमचा.

मंग सांगा, साचा न्यायला ये. लोखंडी साचा. त्याला सांगा, सोहनलालशेटला आन दोन माणसं संगं घेऊन ये, जीप घेऊन ये, आन दारात उभा राहून साच्यावरनं भांड. मोठ्यानं भांड. मालक साचा सोडणार न्हाईत. तो धरून बसतील दोन्ही हातांनी. तेवढ्यात त्यांच्या हातात पोरगी नसंल. त्या साच्यापायी तरी त्यांच्या हातात पोरगी नसंल. मी मागच्या दारानं तिला घेऊन जीपमधी बसंन. मला चप्पल बी नको.

साचा राहू दे म्हणा त्यांच्याकडं. मला साच्याशिवाय जमतं.

तुमी हे कवा वाचाल ते मला ठावं न्हाई. शिवरात्र होऊन गेली असंल तर आरती सुरतेला असंल. वन्संचा पत्ता मला म्हाईत न्हाई. कतारगावात राहतात एवढं ऐकलंय. वन्संचं नाव वत्सला. आरतीच्या उजव्या कानामागं तीळ हाय, डाव्या पायाला शेगडीचा डाग हाय. आई कुठाय इचारलं तर आता बोलणार न्हाई, पण बोट दाखवंल. मंग दादाला आधी तिकडं जायला सांगा. माझ्याकडं मागनं आला तरी चालंल.

मी रडत बिडत न्हाई, तुमी घाबरू नका. मला आता रात्री झोप बी लागायला लागलीय. काठी झाल्यापासनं लागती.

तुमच्या हातात मूठ सुटली असंल तर हात ओला असंल. पुसा, काठी आडवी ठेवा, उभी टेकवू नका, वाक येतो. जवळ कुठं फोनचं दुकान असंल. कागद उलटा करा आन माझ्या भावाला फोन लावा.